जिवंत माणसाचं पान

मी श्राद्धाचा चौरंग बोलतोय.

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आता मला डोळे नाहीत, ही गोष्ट वेगळी. आणि मधला एक दिवस मी दिवाणखान्यात नव्हतोच, स्वयंपाकघरात पालथा पडलो होतो, तेव्हा त्या दिवसाचं ऐकीव आहे, तसंच त्याआधी मातीखाली होतो तेव्हाचंही. पण तेवढं सोडलं तर सगळं खरं. खोटं बोलून मला काय मिळणार? लाकडाला ना इनाम, ना बढती.

माझा जन्म जोसन देशाच्या दक्षिण किनाऱ्यावरचा, सोचोन बंदरातला. ओकसे नावाच्या सुताराने मला घडवलं. आमच्याकडे जिवंत माणसं जमिनीवर बसून जेवतात, प्रत्येकापुढे आपापला बुटका चौरंग. उंच चौरंग असतो तो फक्त मेलेल्यांसाठी. वाडवडील वरून येतात, त्यांना वाकायला लावू नये, एवढंच कारण. ओकसेचा बाप गेला तेव्हा त्याने गिंकोचं लाकूड आणलं, दोन वर्षं सावलीत वाळवलं आणि मग मला करायला घेतलं. माझ्या पायांना त्याने वाघाच्या पायांसारखा बाक दिला. तेल चोळताना तो माझ्याशी बोलायचा. "उभा राहा नीट," म्हणायचा, "आमचे वडील यायचेत."

अशा माणसाला मी बाप म्हणालो तर काय चुकलं?

मग समुद्रातून जपानी आले. बंदर जळलं. ओकसेच्या बायकोने, गान्नानने, मला वाकळीत गुंडाळून सोयाबीनच्या शेतात पुरलं, म्हणून मी वाचलो. ओकसे नाही वाचला. म्हणजे मेला नाही, पकडला गेला. त्या लोकांना नुसता तांदूळ नको होता, हात हवे होते. कुंभार, सुतार, विणकर, जो सापडेल तो त्यांनी उचलला आणि खाडीपलीकडच्या टेकडीवर बांधलेल्या आपल्या किल्ल्यात डांबला. वारा इकडचा असला की त्या किल्ल्यातला धूर आमच्या अंगणापर्यंत यायचा. गान्नान तो हुंगायची आणि म्हणायची, "आज ओलं लाकूड जाळतायत. आमच्या ह्यांना विचारलं असतं तर सांगितलं असतं."

लढाई मग अडकली. त्यांना पुढे येववेना, आम्हाला त्यांना समुद्रात ढकलवेना. अशा वेळी मदतीला धावला आमचा मोठा शेजारी, मिंग साम्राज्य. त्याचं सैन्य आलं, बसलं आणि जेवू लागलं. शत्रूने आमचं धान्य नेलं होतं, मदतनीसांनी बियाणंही ठेवलं नाही. आणि एका हिवाळ्यात निरोप आला की आता लढाई पुरे, बोलणी होणार. जोसन आणि जपान यांच्यातली बोलणी. ती करणार कोण? मिंगचा दूत, लू महाराज.

लू महाराज आले ती पालखी सोळा भोयांची होती, आणि पोटासाठी दोन भोई वेगळे. ते अंगणात उतरले तेव्हा सूर्य मावळायचा थांबला, कारण त्याला पलीकडे जायला वाट दिसेना. बरं, हे थोडं वाढवून सांगितलं. पण फार नाही.

सरकारी अतिथिगृहात त्यांची सोय होती. स्वयंपाकाला गान्नानला बोलावलेलं, कारण बंदरात चांगलं रांधणारी तेवढीच उरली होती. पहिल्याच जेवणाला लू महाराजांनी बुटक्या चौरंगाकडे पाहिलं आणि नाक मुरडलं.

"हे काय? आमच्याकडे जमिनीवर कुत्री जेवतात. मला खुर्ची द्या आणि उंच टेबल द्या."

खुर्ची मिळाली, ती मामलेदार बे साहेबांची न्यायाची खुर्ची. टेबल कुठून आणणार? सबंध बंदरात उंच पायांचा असा मी एकटाच. बे साहेब स्वतः गान्नानच्या दारी आले. चांगला माणूस, पण कणा पाण्यात भिजवलेला.

"अगं, काही दिवसांचाच प्रश्न आहे," ते म्हणाले. "दूत खूश झाले तर बोलणी होतील. बोलणी झाली तर माणसं सुटतील. तुझा नवराही सुटेल."

"साहेब, त्याच्यावर माझे सासरे जेवतात."

"सासऱ्यांना सांग, मुलासाठी थोडी कळ काढा."

गान्नानने मला उकरून काढलं, पुसलं आणि पाठीवर घेऊन अतिथिगृहात आणलं. दिवाणखान्याच्या पायरीशी तिने मला ठेवलं आणि हात जोडून नवऱ्याचं नाव सांगितलं. दुभाषी प्यो शेजारी होता. हा प्यो आमच्याच बंदरातला, दोन्ही परक्या भाषा जाणणारा, सुकलेल्या माशासारखा बारीक. त्याने तिचं बोलणं लू महाराजांना समजावलं.

लू महाराज मोठ्या मायेने हसले. "सांग तिला, तिचा माणूस मी आणलाच समज."

ते ऐकून मी काय केलं असेल? चारही पाय घट्ट रोवून उभा राहिलो. बापाच्या सुटकेचं काम होतं. त्यांचं सगळं वजन, त्यांची कोपरं, त्यांनी आपटलेले पेले, सगळं सोसलं.

आमच्यात एक रीत आहे. मोठ्या माणसाने जेवताना थोडं उरवायचं. ते खालच्याला जातं, त्याच्याकडून आणखी खालच्याला. पाहुणा घास उरवतो म्हणून स्वयंपाकघर जेवतं. लू महाराज काही उरवत नसत. माशाचे काटेसुद्धा आपल्या कुत्र्याला घालत. स्वयंपाकघरातली मालदोक मावशी रिकामे वाडगे पाहून म्हणायची, "धुवायलासुद्धा काही ठेवलं नाही बाईच्या पोटी जन्मलेल्यानं!"

मग जपान्यांचा माणूस आला. कुसाका त्याचं नाव, किल्ल्याच्या सरदाराचा उजवा हात. गालावर जुना व्रण, बोलायला कमी. तो माझ्या पलीकडे बसला. प्यो मध्ये. आणि जोसनचे अधिकारी? मामलेदार बे आणि राजधानीहून आलेले दोन पंडित अंगणात, दवात उभे. त्यांच्याच देशाची बोलणी, पण त्यांना आत जागा नव्हती. घोडी बांधतात तिथे त्यांना उभं केलं होतं.

कुसाकानेच विचारलं, "या देशाच्या लोकांना आत नाही बोलवायचं?"

"कशाला?" लू महाराज दात कोरत म्हणाले. "घर त्यांचं असेल, छप्पर आमचं आहे. मी सांगेन तिथे ते मान डोलावतील. आता कामाचं बोलू. माझ्या सम्राटांना दाखवायला मला तुमचं शरणपत्र हवं. गुडघे टेकल्याची भाषा हवी."

"आम्ही गुडघे टेकलेले नाहीत."

"अरे बाबा, कागदावर टेक! कागदाला गुडघे असतात का? तुझ्या धन्याला मी सांगतो की आमचे सम्राट घाबरलेत, मुलगी द्यायला तयार आहेत. तुझा धनी खूश. माझे सम्राट खूश. मी खूश."

"आणि आम्हाला काय?"

लू महाराजांनी हात असा झटकला, जसं ताटावरची माशी हाकलावी. "ती पकडलेली माणसं आहेत ना? कुंभार, सुतार वगैरे? घेऊन जा तुमच्या देशात. त्यांच्याबद्दल मी बोलणार नाही."

हे सगळं माझ्या पाठीवर चाललं होतं. त्यांचा पेला ज्या जागी ओला गोल उमटवत होता, त्या जागेला ओकसेने तीन दिवस तेल चोळलं होतं.

बाहेर आल्यावर लू महाराज मामलेदारांना म्हणाले, "उत्तम झालं. माणसं येतील. धीर धरा." प्योने तेही बोलून दाखवलं. त्याचं कामच ते. पण बोलताना त्याचा आवाज चुलीतल्या राखेसारखा झाला होता.

मग तो स्वयंपाकघरात आला आणि चुलीपुढे बसला. मी तिथेच होतो, गान्नान मला पुसत होती.

"वहिनी," प्यो म्हणाला, "त्याने ओकसेला विकलं. सगळ्यांना विकलं. मोठ्या भरतीची वाट बघतायत, मग जहाज सुटणार."

मालदोक मावशीने कपाळावर हात मारला. "चुलीत घाला मेल्याला!"

गान्नान रडली नाही. मला पुसत राहिली, इतका वेळ की माझी सालं निघायची वेळ आली. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही त्याला काय म्हणालात?"

"मेला म्हणाले. जीभ जळो माझी."

"नका जाळू," गान्नान म्हणाली. "भाऊजी, उद्यापासून भात उजवीकडे."

प्योने मान वर केली. त्याला कळायला क्षण लागला आणि कळल्यावर तो पांढरा पडला. आमच्याकडे जिवंत माणसाचा भात डाव्या हाताला असतो आणि रस्सा उजव्या. मेलेल्याचं पान उलटं मांडतात.

"वहिनी, डोकं उडेल आपलं."

"उडू दे. आधी त्याचं श्राद्ध घालू. चौरंग श्राद्धाचा आहे, त्याच्यावर तो आपण होऊन बसलाय. मी काय चुकीचं करते?"

आणि दुसऱ्या दिवसापासून, ऐका, मिंग साम्राज्याच्या दूताचं जिवंतपणी श्राद्ध सुरू झालं.

भात उजवीकडे. रस्सा डावीकडे. लाल बोरं पूर्वेला, पांढरी नाशपती पश्चिमेला, तिची टोपी कापलेली. वाढून झालं की गान्नानने चमचा भातात उभा खुपसला, जसा पितरांसाठी खुपसतात. मागे उदबत्ती. दार थोडं उघडं, आत्म्याला यायला वाट हवी म्हणून. मग सगळे वाकले. जिवंताला आमच्याकडे एकदा वाकतात, मेलेल्याला दोनदा. ते दोनदा वाकले.

लू महाराज खुलले. "पाहिलंस, दुभाष्या? काल एकदा वाकत होते, आज दोनदा. माझं वजन कळायला लागलं यांना."

"वजन कळलंच आहे, महाराज," प्यो म्हणाला.

"आणि ही उदबत्ती?"

"आपल्यासारख्यांसाठीच लावतात, महाराज."

मग सगळे बाहेर गेले आणि दार लोटून घेतलं. पितर जेवत असताना कुणी पाहायचं नसतं. बाहेर मालदोक मावशीने तोंडाला पदर लावून सुरू केलं, "आइगो! आइगो!" असं ती आपल्या तिन्ही नवऱ्यांना रडली होती, पण इतक्या जिव्हाळ्याने नाही.

"बाहेर काय चाललंय?" आतून आवाज.

"आपले गुण गातायत, महाराज."

"बरं, बरं. आणखी गाऊ दे."

जेवण झालं असेल अशा अंदाजाने प्योने दाराबाहेर तीनदा खोकून मग दार उघडलं. तीही पितरांचीच रीत. एकच गोष्ट रीतीप्रमाणे झाली नाही. मेलेली माणसं सगळं अन्न तसंच ठेवतात, घरच्यांना पोटभर मिळतं. हा मेलेला वाडगा चाटून मोकळा झाला होता.

तुम्ही म्हणाल, त्याला कळलं कसं नाही? त्याच्या देशातही पितर असतील की. असतील. पण ज्याच्यापुढे लोक सारखे वाकतात, तो वाकणाऱ्यांच्या पाठी बघतो, हात बघत नाही. शिवाय तो खाण्यात होता.

गंमत पाहा, बातमी चुलीवरच्या वाफेसारखी पसरली. भोई दोनदा वाकू लागले. पाणक्या दोनदा वाकू लागला. पंडितांपैकी एकाने तर पितरांसाठीचं पूर्ण स्तोत्र म्हटलं, शेवटी 'स्वीकार असो' सकट, आणि लू महाराजांनी त्याला रेशमाचा तुकडा बक्षीस दिला.

राहिले मामलेदार बे. ते आत आले, त्यांनी माझ्यावरचं पान पाहिलं, भातात उभा चमचा पाहिला आणि त्यांनी तोंड उघडलं. ते ओरडले असते तर सगळ्या स्वयंपाकघराची मुंडकी वेशीवर लागली असती. गान्नान दारातून बघत होती. बे साहेब एकदा वाकले. उठले. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून, सावकाश, दुसऱ्यांदा वाकले.

भिजलेला कणा म्हणालो होतो ना मी? शब्द मागे घेतो.

मीही हात धुऊन घेतले. एका दुपारी माझा मागचा पाय मी किंचित आत ओढला आणि मुळ्याचा उकळता रस्सा थेट लू महाराजांच्या मांडीवर ओतला. त्या किंकाळीने खाडीतले बगळे उडाले. म्हणून मला पाय ठोकायला स्वयंपाकघरात पालथा घातला, तो मघाशी म्हणालो तो दिवस. आत्म्याला चटका बसत नाही, असं मालदोक मावशीला वाटायचं. तिला नवीन माहिती मिळाली.

मग शेवटच्या बैठकीला कुसाका आला, शरणपत्र घेऊन. लू महाराज मुद्दामच जेवत बसले होते. "ये, ये," म्हणाले, "बघ, हे लोक मला कसं वागवतात. तुम्ही तलवारी घेऊन आलात म्हणून तुम्हाला हे कधी मिळालं नाही."

कुसाकाने पाहिलं. उदबत्ती, उलटं पान, भातात उभा चमचा. त्याच्या देशातही भातात असं उभं काही खुपसतात ते फक्त मेलेल्यासाठी. लोक आले, दोनदा वाकले. कुसाकाच्या गालावरचा व्रण हलला.

"दुभाषी," तो हळूच म्हणाला, "कुणाचं श्राद्ध आहे?"

प्योने खाली मान घातली. "ज्यांचं आहे, ते जेवतायत."

कुसाका हसला. असा हसला की त्याच्या कमरेच्या दोन्ही तलवारी खडखडल्या, डोळ्यांतून पाणी आलं, तो माझ्यावर मूठ आपटत हसला. आपण मागे राहू नये म्हणून लू महाराजही हसले. दोघं हसत होते, आणि दारात गान्नान उभी होती, तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

मग कुसाका उठला, दूताला तिथेच टाकून सरळ स्वयंपाकघराच्या पायरीशी आला.

"हे पान कुणी मांडलं?"

"मी," गान्नान म्हणाली. प्योने प्रश्न पुरता सांगायचीही तिने वाट पाहिली नाही. "माझा नवरा तुमच्या किल्ल्यात आहे. त्या माणसाने तो तुम्हाला विकला."

"मेलेल्या माणसाशी केलेला करार मला बांधत नाही."

"मग जिवंत माणसाशी करा."

तीन वर्षांत दोन देशांची समोरासमोर झालेली तेवढीच बोलणी, असं मी म्हणतो. मध्ये छप्पर नव्हतं, खुर्ची नव्हती. कुसाकाने खाडीच्या पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "सुतार ना? उद्या ओहोटीला पाठवतो. बाकीच्यांचं माझ्या हातात नाही." आणि दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या चिखलातून, गुडघ्यापर्यंत बुडत, ओकसे चालत आला. आला आणि आधी माझ्याकडे बघून म्हणाला, "पाय कुणी ठोकला हा? मूर्ख होता का तो?"

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. लू महाराज आपला कागद घेऊन मिरवत गेले. जहाज भरतीला सुटलं. दोन्ही दरबारांना दोन वेगळ्या थापा मारलेल्या, त्या कधीतरी समोरासमोर येणारच होत्या. आल्या. लढाई पुन्हा पेटली.

पण गान्नानने तेवढ्यावर सोडलं नाही. दर हिवाळ्यात, ज्या दिवशी प्योने तिला चुलीपुढे ती गोष्ट सांगितली त्या दिवशी, ती मला बाहेर काढायची आणि लू महाराजांचं पान मांडायची. भात उजवीकडे. ज्यांची माणसं गेली होती ती बंदरातली घरं जमायची. सगळे दोनदा वाकायचे. मालदोक मावशी रडायची. आणि हा मेलेला दूर असल्यामुळे अन्न उरायचं, ते सगळे मिळून खायचे. कुणी म्हणालं, जिवंत माणसाचं असं करू नये, त्याचं आयुष्य कमी होतं. गान्नान म्हणाली, "मग दोन घास जास्त वाढते."

एका उन्हाळ्यात बातमी आली. थापा उघड झाल्या, आणि त्याच्याच सम्राटाने लू महाराजांचं डोकं उडवलं.

बंदरभर लोक ओरडले. बायका अंगणात नाचल्या. त्या हिवाळ्यात नेहमीच्या दिवशी सगळे आमच्याकडे जमले. कुणी बोरं आणली, कुणी मासा. बे साहेब म्हातारे झाले होते, तेही आले. "आता खरं श्राद्ध," म्हणाले. "आता तर घालायलाच हवं."

गान्नानने माझ्यावरची धूळ पुसली. भाताचा वाडगा आणला आणि माझ्यावर पालथा ठेवला.

"अगं, पान?"

"आता कशाला?" ती म्हणाली. "आता त्याला भूक लागेल."

आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, ज्याचं पान कुणी मांडत नाही तो आत्मा दारोदार भटकतो, आणि दार उघडं दिसलं तरी त्याला आत येता येत नाही. तो आमच्या दाराशी येत असेल. मला वाटतं येतो. वारा पडला की अंगणात कुणीतरी जड माणूस उभा असल्यासारखं वाटतं. मी हलत नाही. एक दाणा नाही, महाराज. एक काटासुद्धा नाही.

असा मी आज उभा आहे, रिकामा, ओसरीच्या भिंतीला लागून.

आता शपथेचं. यातली एक गोष्ट मी रचलेली आहे. रश्श्याची नव्हे, तो मी सांडलाच. बे साहेबांची नव्हे, ते वाकले. दूत नऊ दिवस मेलेल्याचं अन्न खात होता आणि त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, हेही खरं. कुसाका हसला, तेही खरं.

तो पायरीशी आला नाही. हसून झाल्यावर त्याने डोळे पुसले, शरणपत्र माझ्यावर ठेवलं आणि निघून गेला. भरतीला जहाज सुटलं, त्यात ओकसे होता. चिखलातून कुणी आलं नाही.

ओकसे जिवंत आहे की नाही, कुणाला माहीत नाही. शेजारणी गान्नानला सांगतात, इतकी वर्षं झाली, आता त्याचं तरी पान मांड, तुझा माणूस उपाशी राहील. ती ऐकत नाही. माझ्यावर त्याचा वाडगा ठेवला की तो मेला. म्हणून ती संध्याकाळी दोन बुटक्या चौरंगांवर दोन पानं घेते, त्याचा भात डावीकडे, आणि झाकून ठेवते.

तुम्ही कधी आमच्या ओसरीवर आलात, तर एवढंच करा. हातात काही असलं तर खाली ठेवा, बाजूला ठेवा. माझ्यावर ठेवू नका.